ढोलीला लागणारी तीनशे वर्षं

स्वीडनच्या दक्षिण भागात ऑस्टरगॉटलंड नावाचा प्रांत आहे. तिथे जुलै-ऑगस्टच्या उबदार दुपारी एखाद्या म्हाताऱ्या ओकखाली उभं राहिलं, तर कधीकधी पिकलेल्या पीचचा गोड वास येतो. आसपास फळझाड नसतं. वास येतो तो ओकच्या ढोलीतून. ढोलीच्या तोंडाशी तीनेक सेंटिमीटर लांबीचा, काळपट तपकिरी, किंचित धातूसारखी झाक असलेला एक भुंगेरा बसलेला असतो. तो नर असतो आणि मादीला बोलावण्यासाठी हा वास सोडत असतो. त्या वासाचं रसायन २००३ साली ओळखलं गेलं. गॅमा-डेकालॅक्टोन हे त्याचं नाव. पीच आणि जर्दाळूच्या वासातही हेच रसायन असतं. माणसाच्या नाकालाही तो काही मीटरांवरून कळतो, इतका दाट असतो.

या भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव ऑस्मोडर्मा एरेमिटा. युरोपात त्याला हर्मिट बीटल, म्हणजे एकांतवासी भुंगेरा म्हणतात. आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया या पाऱ्याच्या खाणींच्या गावी डॉक्टर असलेल्या स्कोपोली यांनी १७६३ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तेव्हापासून अडीचशेहून अधिक वर्षं माणसाला तो माहीत आहे. पण तो जगतो कसा, त्याला नेमकं काय लागतं, आणि युरोपातल्या इतक्या जागांवरून तो नाहीसा का झाला, हे नीट कळायला विसावं शतक संपावं लागलं. ते कळलं तेव्हा एकट्या भुंगेऱ्याचं नव्हे, तर जंगलाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीचंच कोडं उलगडलं. जिवंत, हिरवं, सरळ वाढलेलं ते झाड आणि वठलेलं, पोकळ, पडलेलं ते सरपण, अशी आपली वाटणी असते. जंगलातल्या जीवांच्या एका प्रचंड मोठ्या समूहाला ही वाटणी लागू नाही. त्यांच्या दृष्टीनं झाड उपयोगाला येऊ लागतं तेच मुळी त्याचा काही भाग मरायला लागल्यावर.

हा समूह किती मोठा? ऑक्सफर्डजवळच्या वायथॅम वनात चार्ल्स एल्टन या प्राणिशास्त्रज्ञानं अनेक वर्षं प्राण्यांच्या नोंदी ठेवल्या. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी अंदाज मांडला, की मेलेलं आणि मरणारं लाकूड जंगलातून काढून नेलं, तर तिथल्या प्राणिसृष्टीचा पाचवा हिस्सा, कदाचित त्याहूनही जास्त, हातचा जाईल. त्या वेळी हा आकडा फुगवलेला वाटला असेल. नंतर फिनलंडमधल्या मोजणीतूनही जवळपास हेच निघालं. तिथल्या वनातल्या सगळ्या जातींपैकी २० ते २५ टक्के, म्हणजे चार-पाच हजार जाती, आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. त्यांत बुरशी आहेत, माश्या आहेत, गांधीलमाश्या आहेत; पण भुंगेऱ्यांचा वाटा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. एकट्या जर्मनीत अशा भुंगेऱ्यांच्या सुमारे १,४०० जाती आहेत.

ढोली कशी तयार होते, ते आधी पाहू. ती एका दिवसात पडत नाही आणि तिला कुणी एकटा पाडतही नाही. वादळात मोठी फांदी मोडते, वीज पडते, सुतारपक्षी चोच मारतो, आणि सालीखालचं लाकूड उघडं पडतं. तिथून बुरशी आत शिरते. ओकमध्ये हे काम बऱ्याचदा दोन बुरशी करतात. एकीचं फळ कच्च्या मांसाच्या तुकड्यासारखं लालबुंद दिसतं, दुसरीचं गंधकासारखं पिवळंधमक. दोघी झाडाच्या गाभ्यात पसरतात. हा गाभा झाडाच्या दृष्टीनं आधीच मृत असतो. पाणी आणि अन्न वाहून नेण्याचं काम बाहेरच्या थरांतून चालतं. आतला भाग केवळ आधाराला असतो. बुरशी तो आधार सावकाश खाते आणि मागे लालसर तपकिरी, चौकोनी तुकड्यांत फुटणारं भुसभुशीत लाकूड उरतं. बाहेरून झाड हिरवंगार असतं, दर वसंतात पालवतं, ओकची फळं धरतं, आणि आतून पोकळ होत जातं. पोकळ झाड म्हणजे पडायला आलेलं झाड, अशी ठाम समजूत आपल्याकडे आहे आणि तिकडेही होती. वस्तुतः पुरेशी जाड भिंत असेल, तर पोकळ खोड भरीव खोडाइतकंच वारा सोसू शकतं. पोकळ झालेले ओक त्यानंतर दोन-दोनशे वर्षं उभे राहिल्याची उदाहरणं युरोपात जागोजाग आहेत.

पोकळीच्या तळाशी भुगा साठत जातो. त्यात कुजलेलं लाकूड असतं, बुरशीचे धागे असतात, वाऱ्यानं आलेली पानं, पक्ष्यांची जुनी घरटी, वटवाघळांची विष्ठा, मेलेल्या किड्यांची कवचं असं सगळं मिसळलेलं असतं. मोठ्या ओकमध्ये हा भुगा काही शे लिटर भरतो. जाड भिंतीमुळे आतलं तापमान बाहेरच्यासारखं वरखाली होत नाही, ओल टिकून राहते, थंडीतही आत गोठण कमी होते. एकांतवासी भुंगेऱ्याची अळी इथे तीन-चार वर्षं काढते.

ही अळी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. उसाच्या किंवा भुईमुगाच्या शेतात नांगरट करताना इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची जी हुमणी निघते, ती याच कुळातली. ऑस्मोडर्माची अळी तशीच दिसते, फक्त खूप मोठी असते. पूर्ण वाढल्यावर सरळ केली तर सहा सेंटिमीटरपर्यंत भरते. हुमणी पिकाची जिवंत मुळं खाते म्हणून शेतकऱ्याची वैरीण ठरली. ही मात्र जिवंत लाकडाला तोंड लावत नाही. ढोलीच्या आतल्या भिंतीवरचं कुजलेलं लाकूड आणि तळाचा भुगा एवढंच तिचं अन्न. त्यात पोषण अगदी तुटपुंजं, नायट्रोजन तर नावाला. म्हणून तर वाढायला इतकी वर्षं लागतात. तिच्या आतड्याचा मागचा भाग फुगून पिशवीसारखा झालेला असतो. तिथे राहणारे जिवाणू लाकडाचे तंतू आंबवून फोडतात आणि मगच ते अळीच्या अंगी लागतात. शेवटच्या शरद ऋतूत अळी भुगा आणि स्वतःची विष्ठा यांचा कोश बांधते, वसंतात कोशातच तिचं रूपांतर होतं, आणि उन्हाळ्यात भुंगेरा बाहेर येतो. प्रौढ म्हणून त्याचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं.

अळ्या वर्षानुवर्षं खात राहिल्यानं ढोली आणखी रुंदावते आणि त्यांच्या विष्ठेनं भुगा कसदार होतो. स्वीडिश संशोधकांनी तपासलं, तेव्हा ज्या ढोलींत या अळ्या होत्या तिथल्या भुग्यात नायट्रोजन जास्त आढळला. ज्या ढोलीत ऑस्मोडर्मा, तिथे ढोलीवासी इतर भुंगेऱ्यांच्या जातीही जास्त, असंही दिसून आलं. म्हणजे हा स्वतःसाठी खातो आणि त्यातून शेजाऱ्यांची सोय होते. शेजाऱ्यांत शत्रूही आहेत. इलेटर फेरुजिनियस नावाचा तांबूस रंगाचा एक उडी मारणारा भुंगेरा आहे. त्याच्या अळ्या ऑस्मोडर्माच्या अळ्या खातात. हे भुंगेरे आपलं सावज कसं शोधतात? त्याच पीचच्या वासावरून. नर आपल्या जोडीदारणीला पाठवतो तो निरोप भक्षकही वाचतो, आणि तिथे येऊन अंडी घालतो. इटलीत दहा-बारा वर्षांपूर्वी ‘तेसेओ’ नावाच्या एका गोल्डन रिट्रिव्हर कुत्र्याला ऑस्मोडर्माच्या अळ्या वासावरून शोधायला शिकवलं गेलं. ढोली न उकरता, भुगा न उपसता आत कुणी आहे का ते कळावं, हा हेतू. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण या जिवांचा अभ्यास करताना त्यांचं घरच उद्ध्वस्त होण्याचा धोका कायम असतो.

आता हा भुंगेरा नाहीसा का झाला, या मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वीडिश संशोधक थॉमस रानियस आणि त्यांचे सहकारी यांनी ऑस्टरगॉटलंडमधल्या ब्यारका-सेबी या जुन्या जहागिरीच्या ओकांत १९९० च्या दशकात काम सुरू केलं. ढोलीतल्या भुग्यात काठापर्यंत बरण्या पुरून ठेवायच्या, त्यात पडलेल्या भुंगेऱ्यांवर खूण करायची, सोडून द्यायचं, आणि पुन्हा कुठे सापडतात ते पाहायचं, अशी ही पद्धत. निघालं ते थक्क करणारं होतं. सुमारे ८५ टक्के भुंगेरे ज्या ढोलीत जन्मले तिथून कधी बाहेरच पडले नाहीत. पंख आहेत, उडता येतं, तरी नाही. पुढे काही भुंगेऱ्यांच्या पाठीवर अगदी लहान रेडिओ-प्रक्षेपक चिकटवून माग काढला गेला. जे निघाले तेही काही शे मीटरच्या आतच थांबले. एका झाडात दरवर्षी सरासरी दहा-बारा प्रौढ भुंगेरे. एवढीशी ती वसाहत. ती एकाच झाडात अनेक दशकं नांदते.

असं का व्हावं? शेणात वाढणाऱ्या भुंगेऱ्याकडे पाहिलं की उत्तर मिळतं. शेण काही दिवसांत वाळतं. तिथे जन्मलेल्याला उडून नवं शेण गाठावंच लागतं, न उडणारा संपतो. ढोली मात्र शंभर वर्षंही टिकते. तिथे जन्मलेल्याला बाहेर जाण्यात धोकाच धोका, घरी राहण्यात सुरक्षितता. हजारो पिढ्यांत घरी राहणारेच जास्त तगले आणि न उडण्याची वृत्ती मुरत गेली. जुन्या युरोपात पोकळ ओक एकमेकांच्या जवळ होते, तोवर शंभरातले पंधरा बाहेर पडले तरी पुरत होतं. ओक विरळ झाल्यावर ते पुरेनासं झालं. एक झाड पडतं, जवळच्या टप्प्यात दुसरी ढोली नसते, आणि वसाहत संपते. तिथे पुन्हा कुणी येत नाही.

स्वीडनमध्ये ओक विरळ का झाले याची कथा लांबलचक आहे आणि तिच्यात भुंगेऱ्याचा काडीचाही संबंध नाही. सोळाव्या शतकात गुस्ताव वासा या राजानं १५५८ साली फर्मान काढलं, की शेतकऱ्यांच्या जमिनीवरचे सगळे ओक राजाचे. आरमाराच्या जहाजांसाठी ओकचं लाकूड हवं होतं. शेतकऱ्याच्या कुरणात ओक वाढे, त्याची सावली गवतावर पडे, आणि त्याला हात लावायची मात्र बंदी. पिढ्यानपिढ्या शेतकऱ्यांना हे झाड नकोसं झालं. ओकचं रोप दिसलं की ते उपटायचं, मोठं होऊच द्यायचं नाही. १८३० साली राजसत्तेनं हक्क सोडला आणि तीनशे वर्षांचा राग एकदम बाहेर पडला. शेतजमिनींवरचे ओक भराभर तोडले गेले. सरदार-जहागीरदारांच्या जमिनीवरचे ओक त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते, त्यांची शोभा होती, ते वाचले. म्हणून आज ऑस्मोडर्मा स्वीडनमध्ये जिथे शिल्लक आहे ती ठिकाणं नकाशावर पाहिली, तर त्यांत जुन्या जहागिरींची उद्यानं आणि कुरणं ठळकपणे दिसतात. कीटकाच्या वितरणाचा नकाशा जमीनधारणेच्या इतिहासावरून वाचता येतो, हे मला या सगळ्या अभ्यासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

याच काळातली आणखी एक गोष्ट. व्हेटर्न सरोवरातल्या विसिंगसो बेटावर सरकारनं १८३० च्या दशकात भविष्यातल्या आरमारासाठी ओकची मोठी लागवड केली. १९७५ साली वनखात्यानं नौदलाला कळवलं, की तुमचे ओक आता तोडायला तयार आहेत. तोवर जहाजं पोलादाची झाली होती. हा प्रसंग सरकारी दूरदृष्टीची गंमत म्हणून सांगितला जातो. भुंगेऱ्याच्या हिशेबानं पाहिलं तर वेगळंच दिसतं. ओकला ढोली कधी पडते हे रानियस आणि सहकाऱ्यांनी झाडांचं वय मोजून तपासलं. शंभर वर्षांखालच्या ओकांत ढोली शंभरात एकालाही नव्हती. दोनशे ते तीनशे वर्षं वयाच्या निम्म्या झाडांत होती. चारशेच्या पुढच्या प्रत्येक झाडात होती. विसिंगसोचे ओक आता दोनशेच्या जवळ आलेत. लाकूड म्हणून ते पन्नास वर्षांपूर्वीच पक्व झाले. ढोली म्हणून त्यांची आता कुठे सुरुवात व्हायची आहे. जगभरच्या लाकूडतोडीचा नियम असा, की झाडाची वाढ मंदावली की ते तोडायचं. ढोलीवासी जिवांसाठी झाड जेव्हा कामाचं होऊ लागतं, त्याच्या कितीतरी आधी ते करवतीखाली गेलेलं असतं.

आज अनेक ठिकाणी तीनशे-चारशे वर्षांचे मोजके ओक आहेत, आणि त्यांच्या शेजारी तीस-चाळीस वर्षांची रोपवनं. मधल्या वयाची झाडं नाहीत. म्हातारे पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी तयार नसेल. आज दिसणारा भुंगेरा हा जुन्या, दाट ओकांच्या भूभागाचा उरलेला रहिवासी आहे. तो दिसतो म्हणून सुरक्षित आहे असं समजणं ही घोडचूक. भरीला आणखी एक संकट असं, की चराई थांबलेल्या कुरणांत स्प्रूस आणि इतर झाडोरा माजतो, उघड्यावर वाढलेला ओक त्याच्या सावलीत जातो. ऑस्मोडर्माला ऊन लागणारं खोड आवडतं. म्हणजे इथे झाडं तोडणं जितकं घातक, तितकंच आसपासची झाडं नको तितकी वाढू देणंही.

हे सारं नीट कळण्याआधीच युरोपीय समुदायानं १९९२ च्या अधिवास निर्देशात या भुंगेऱ्याला प्राधान्यानं जपण्याच्या जातींत घातलं. त्याचे परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसले. फ्रान्समध्ये ल माँ ते तूर या महामार्गाचं काम जुन्या झाडांच्या ढोलींमधल्या या भुंगेऱ्यामुळे काही वर्षं अडलं. रस्ता खुला व्हायला २००५ चा डिसेंबर उजाडला. श्टुटगार्टच्या नव्या रेल्वे स्थानकाच्या वादातही उद्यानातल्या जुन्या झाडांमधला हा भुंगेरा मोठा मुद्दा ठरला. एका किड्यासाठी एवढा खर्च, असा संताप तेव्हा व्यक्त झाला. ढोली बनायला लागलेला काळ त्या खर्चात कुणी धरला नव्हता, ही माझी तक्रार आहे.

ढोली हा या जगाचा एक कोपरा झाला. बाकीचं जग पडलेल्या ओंडक्यांत, वठलेल्या खोडांत, बुंध्याच्या उरलेल्या खुंटात भरलेलं आहे, आणि तिथे वेळापत्रक निराळं चालतं. झाड नुकतंच पडलेलं असतं तेव्हा साल आणि लाकूड यांच्यामधला ओला, साखरेनं भरलेला थर ताजा असतो. त्यावर सालीतले भुंगेरे आणि लांब मिशांचे भुंगेरे पहिल्याच उन्हाळ्यात तुटून पडतात. एक-दोन वर्षांत हा थर संपतो, साल सुटायला लागते. मग तिच्याखालच्या फटीत कागदासारखे चपटे भुंगेरे राहायला येतात. शेंदरी रंगाचा कुकुजस हा त्यातला सर्वांत देखणा. पुढे बुरशी लाकडात मुरते, खोडावर कडक छत्र्या येतात, आणि केवळ त्या छत्र्यांत वाढणाऱ्या जाती येतात. शेवटी लाकूड हातानं चुरगळण्याइतकं मऊ होतं, जमिनीत मिसळू लागतं. युरोपातला सर्वांत मोठा भुंगेरा, हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला स्टॅग बीटल, याच टप्प्यावरचा. त्याची अळी जमिनीखालच्या कुजलेल्या बुंध्यात चार-पाच वर्षं, थंड प्रदेशात त्याहून जास्त, वाढते आणि प्रौढ भुंगेरा एक उन्हाळा पाहून मरतो. एका टप्प्याची जात दुसऱ्या टप्प्यावर जगत नाही. म्हणून जंगलात एखादा ओंडका आहे एवढ्यानं भागत नाही. यंदा पडलेला, पाच वर्षांपूर्वीचा, तीस वर्षांपूर्वीचा असे सगळे एकाच वेळी लागतात, आणि तेही उडून पोचता येईल इतक्या अंतरावर.

जळलेल्या लाकडाचेही ग्राहक आहेत. मेलॅनोफिला नावाच्या काळ्या भुंगेऱ्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंना उष्णतेचे किरण ओळखणारे खळगे असतात. जंगलाला आग लागली की बाकी सगळे पळतात, हा आगीकडे येतो, कारण नुकत्याच होरपळलेल्या झाडात त्याच्या अळ्यांना विरोध करणारं काही उरलेलं नसतं. कॅलिफोर्नियात १९२५ साली कोआलिंगा इथे तेलाचा साठा पेटला तेव्हा हे भुंगेरे झुंडीनं आले होते. बर्कलीच्या फुटबॉल मैदानात हजारो प्रेक्षकांच्या सिगारेटच्या धुराला भुलून ते येत आणि लोकांना चावत, असंही १९४० च्या दशकात नोंदवलं गेलं.

भुंगेरा फसतो तो नेहमी धुरानंच असं नाही. आल्प्स पर्वतात रोझालिया अल्पिना नावाचा निळसर राखाडी, काळ्या ठिपक्यांचा अतिशय सुंदर भुंगेरा आहे. त्याची मादी उन्हात पडलेल्या बीचच्या मेलेल्या लाकडात अंडी घालते. वनकामगार हिवाळ्यात बीच तोडून रस्त्याकडेला उन्हात रचून ठेवतात. उन्हाळ्यात मादीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? ती तिथे अंडी घालते, आणि अळ्या वाढत असतानाच लाकूड चुलीत किंवा कारखान्यात जातं. लाकूड उन्हाळ्याच्या आत उचललं, तर नुकसान टळतं. इतकं सोपं असूनही हे ध्यानात यायला वर्षं गेली.

जंगल ‘स्वच्छ’ ठेवायचं ही कल्पना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या जर्मन वनशास्त्रातून जगभर गेली. पडलेलं लाकूड म्हणजे वाया गेलेला पैसा आणि किडीचं माहेर. परिणाम आकड्यांत दिसतो. पोलंड-बेलारूस सीमेवरच्या बियालोवियेझा अरण्याच्या काटेकोर राखलेल्या भागात हेक्टरी सव्वाशे घनमीटरच्या आसपास मेलेलं लाकूड आहे. स्वीडनच्या व्यावसायिक वनांत ते दहा घनमीटरही नसतं. युरोपीय वनांच्या अभ्यासातून बहुतेक जातींना टिकण्यासाठी किमान २० ते ५० घनमीटर लागतं असा अंदाज निघाला आहे. २०१८ साली युरोपातल्या मेलेल्या लाकडावरच्या सुमारे सातशे भुंगेरा-जातींची धोक्याची यादी झाली, त्यात जवळजवळ १८ टक्के जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर निघाल्या.

किडीच्या माहेराचा आरोप तपासून पाहायला हवा, कारण तो अजूनही सगळीकडे ऐकू येतो. स्प्रूसच्या वनांना इप्स टायपोग्राफस हा साल पोखरणारा भुंगेरा खरोखर मोठं नुकसान करतो, आणि वादळात नुकतेच पडलेले स्प्रूस त्याला हवेच असतात. पण त्याला ओली, ताजी साल लागते. ती वाळली की तो निघून जातो. वर्ष-दोन वर्षं वठलेल्या झाडात तो राहत नाही, राहतात ते त्याचे भक्षक आणि इतर निरुपद्रवी जाती. बियालोवियेझात २०१६-१७ मध्ये इप्सचं कारण सांगून मोठी झाडतोड झाली आणि त्यात वठून गेलेली जुनी झाडंही गेली. १७ एप्रिल २०१८ रोजी युरोपीय न्यायालयानं ती तोड बेकायदा ठरवली. त्या खटल्यात नाव घेतलेल्या भुंगेऱ्यांपैकी कित्येकांना वठलेलं स्प्रूस किंवा पाइन यांखेरीज दुसरं घरच नाही.

हेच तारतम्य आपल्याकडेही लागतं. कोकणात नारळाच्या बागेत मेलेलं खोड तसंच पडू दिलं, तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांचे कोंब पोखरतो. तिथे ते खोड हलवायलाच हवं. रान म्हणजे बाग नव्हे, एवढंच ध्यानात ठेवायचं. सह्याद्रीच्या ओल्या रानात कुजणारा जाड ओंडका उलटला, तर चकचकीत काळे, चपटे पॅसॅलिड भुंगेरे सापडतात. त्यांचे आईबाप पिल्लांसोबत त्याच ओंडक्यात राहतात, चावलेलं लाकूड आणि स्वतःची विष्ठा त्यांना भरवतात, आणि पंख-पोट एकमेकांवर घासून आवाज काढत आपसांत बोलतात. भुंगेऱ्यांत अशी कुटुंबव्यवस्था फार थोड्यांकडे आहे. महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला. कित्येक देवरायांत पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक होता. देवाच्या भयानं पाळला गेलेला हा दंडक मेलेल्या लाकडाला जंगलातच राहू देणारा होता, आणि मला तो आपल्या सगळ्या वनकायद्यांहून शहाणा वाटतो.

उष्ण प्रदेशात हा प्रश्न युरोपापेक्षा मोठा आहे, लहान नाही. सहा खंडांतल्या ५५ वनांत केलेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. जगभरचं मेलेलं लाकूड कुजताना दरवर्षी सुमारे ११ अब्ज टन कार्बन मोकळा होतो, त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक उष्ण कटिबंधात, आणि साधारण २९ टक्के वाटा कीटकांच्या कामाचा, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे हे काम भुंगेऱ्यांच्या बरोबरीनं, बहुधा त्यांच्याहून अधिक, वाळवी करते.

मधली पिढी नसलेल्या ओकांचं काय करायचं, यावर स्वीडनमध्ये दोन उपाय चालू आहेत. लिनशॉपिंगचे निक्लास यान्सन आणि सहकाऱ्यांनी ओकच्या फळ्यांच्या मोठ्या पेट्या करून झाडांना बांधल्या. आत ओकचा भुसा, पानं, गवत भरलं. काहींत लसूणघासाचं पीठ, काहींत कोंबडीची विष्ठा, काहींत चक्क मेलेली कोंबडी ठेवली, कारण खऱ्या ढोलीत पक्ष्यांचे अवशेष असतातच. पेट्या जुन्या ओकांपासून वेगवेगळ्या अंतरांवर, अगदी १,८०० मीटरपर्यंत लावल्या होत्या. काही वर्षांत त्यांत मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या शंभराहून अधिक भुंगेरा-जाती सापडल्या; जसजसं अंतर वाढलं तसतशा कमी. दुसरा उपाय धाडसी आहे. पन्नास-शंभर वर्षांच्या धडधाकट ओकांना करवतीनं मुद्दाम जखमा करायच्या, सुतारपक्ष्यासारखी भोकं पाडायची, बुंध्याजवळची साल घोड्यानं चावल्यासारखी काढायची, म्हणजे बुरशी दीडशे वर्षं आधी आत शिरेल. यातून खरी ढोली किती लवकर घडते ते कळायला अजून काही दशकं जातील. पेट्यांतलं साहित्य तोवर कुजून खाली बसत राहतं, आणि कुणीतरी शिडी लावून वर जाऊन झाकण उघडतं, त्यात ताजा भुसा आणि पानं भरतं.